दोन किलो कमी लिहिले

काट्यावर चढताना माणूस श्वास रोखतो. शिकलेला असो की अडाणी, रोखतोच. हवेचं वजन ते किती भरणार? पण मी बावीस वर्षं लोकांची वजनं केली आणि श्वास न रोखणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिली.

आधी चपला काढतात. मग घड्याळ, किल्ल्या, खिशातला रुमाल. ओझरच्या विमानांच्या कारखान्यातले निकम साहेब कमरेचा पट्टा काढून माझ्या हातात द्यायचे आणि पँट घसरू नये म्हणून एका हातानं धरून उभे राहायचे. बायका पाटल्या उतरवतात, मंगळसूत्र नाही. एक वकील होते, ते डोळे घट्ट मिटून म्हणायचे, "मावशी, मला सांगू नका. नुसतं लिहा."

आमचा काटा दांडीचा होता. दांडीवर दोन वजनं असतात, एक थोरलं, एक धाकटं. थोरलं खाचेत बसवायचं आणि धाकटं बोटानं हळूहळू पुढे सरकवायचं. दांडी मधोमध तरंगली की थांबायचं. दर वेळी काटा तोच हवा आणि वेळ शक्यतो तीच. पायांत काही नको, लघवीला जाऊन आलेलं बरं. नऊवारी नेसणाऱ्या म्हाताऱ्या म्हणायच्या, लुगड्याचं वजा कर. मी करत नसे. जे दिसतं ते लिहायचं, असा नियम मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. तो नियम मी एका बाईसाठी मोडला. मासिकाच्या या अंकासाठी दवाखान्यातल्या गमतीजमती लिहा, असं मला सांगितलं होतं. गमतीही सांगते, पण मला लिहायचं आहे ते हे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या दवाखान्यात मी झाडूपोछ्याला लागले, नव्वद साल उलटून गेल्यावर. आकडे वाचता येत होते आणि अक्षर बरं होतं, म्हणून दोन वर्षांनी डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं. दवाखाना पहिल्या मजल्यावर होता आणि लिफ्ट नव्हती. जाड माणसांना जिना चढायला लावता, असं कुणी म्हटलं की डॉक्टर म्हणायचे, "हा पहिला व्यायाम." खरं कारण म्हणजे त्यांना तळमजल्याला जागा मिळाली नव्हती.

लठ्ठपणा हा आजार आहे असं तेव्हा कुणी मानत नसे. माणूस जाड असला की 'खात्यापित्या घरचा' म्हणायचे. लोक यायचे ते साखर वाढली म्हणून, गुडघे गेले म्हणून, लग्नाला पाच वर्षं होऊन पाळणा हलला नाही म्हणून. मी जाड आहे, मला बरं करा, असं म्हणत आलेला माणूस मला पहिली पाच-सहा वर्षं तरी आठवत नाही.

दवाखान्यात तिघं जण होते. डॉक्टर, आहार सांगणाऱ्या नीता मॅडम आणि व्यायामाचे वाघ सर. तिघांच्या तीन खोल्या. पेशंट एका दारातून निघून दुसऱ्या दारात जायचा आणि प्रत्येक खोलीतून एक कागद घेऊन बाहेर पडायचा. आत कोण काय सांगतं हे बाकीच्या दोघांना ठाऊक नसायचं.

हे बाहेर पडलं ते निकम साहेबांमुळे. एकदा त्यांचं वजन तीन किलो वाढलं. पट्टा काढूनही तीन किलो. मी म्हटलं, "साहेब, काय केलंत हे?"

"मी काही केलं नाही मावशी. तुमच्याच माणसांचं ऐकलं. डॉक्टर म्हणाले, रोज तासभर चाला आणि दोन जेवणांच्या मधे तोंड उघडू नका. वाघ सर म्हणाले, गुडघे झिजलेत, चालणं बंद, खुर्चीत बसून व्यायाम करा. मॅडम म्हणाल्या, दर तीन तासांनी थोडं थोडं खा."

"मग?"

"मग काय, प्रत्येकाचं जमेल तेवढं घेतलं. वाघ सरांचं बसणं घेतलं आणि मॅडमचं खाणं घेतलं."

मी हे डॉक्टरांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. निकम साहेबांचे तिन्ही कागद मागवून त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिले. पुढच्या गुरुवारपासून दुपारी दोन वाजता तिघं एका टेबलाशी बसायला लागले.

पद्धत साधी होती. एकेक फाइल मधे ठेवायची, वर वजनाचं कार्ड. ज्याला जे दिसलं ते त्यानं बोलायचं. शेवटी एकच कागद तयार करायचा आणि पेशंटला तोच द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात भांडणं व्हायची. वाघ सर म्हणायचे, इतकं कमी खाऊन माणूस व्यायाम कशाच्या जोरावर करेल. नीता मॅडम म्हणायच्या, तुमच्या व्यायामानं भूक वाढते आणि बोल माझ्यावर येतो. शिकलेल्या माणसांचं भांडण इंग्रजीत होतं, एवढाच फरक. पण भांडून झालं की कागद एकच निघायचा आणि लोकांची वजनं उतरायला लागली. आधी सहा महिन्यांत उतरत नसे ते दोन महिन्यांत उतरायचं. निकम साहेबांचंही उतरलं.

मी त्या बैठकीत चहा द्यायला जायचे. बिनसाखरेचा. तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी एका शाळामास्तरीण बाईंची फाइल निघाली होती. नीता मॅडम वैतागल्या होत्या. बाई दोनच पोळ्या खातात म्हणतात आणि वजन हलत नाही, मग खोटं कोण बोलतंय? मी ट्रे ठेवता ठेवता म्हटलं, "खोटं नाही बोलत. ताटात दोनच घेतात. पण तीन पोरांच्या ताटातलं उरलेलं त्याच संपवतात. टाकवत नाही त्यांना. ते जेवण म्हणून धरत नाहीत."

"तुम्हाला कसं माहीत?"

"विचारलं मी. पोरांच्या ताटातलं उरलेलं कुठं जातं म्हणून."

नीता मॅडमनी लिहून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "इंदूबाई, उभ्यानं नका बोलू. बसा इथं." कोपऱ्यातली खुर्ची त्यांनी स्वतः ओढून दिली. त्या दिवसापासून दर गुरुवारी चौथी खुर्ची माझी. प्रत्येक फाइलच्या शेवटी डॉक्टर विचारायचे, "इंदूबाई, तुमचं काय?" लोक डॉक्टरांपुढे शहाणपणाचं बोलतात. काट्याजवळ, पाटल्या उतरवताना, खरं बोलतात. ते मी टेबलाशी सांगायचे. चौथी पास बाईचं बोलणं तीन शिकलेली माणसं लिहून घेतात, याची मला घमेंड होती. होती ती होती.

मंदाताई आली ती पोटाच्या हर्नियासाठी. निफाडजवळच्या खेड्यातली, द्राक्षबागाईतदाराच्या घरची, वय चाळिशीच्या पुढे. जुन्या ऑपरेशनच्या टाक्यातून पोट बाहेर आलं होतं, नारळाएवढं. वाकलं की दुखायचं, खोकलं की दुखायचं. सर्जननं सांगितलं होतं, या वजनावर मी हात लावणार नाही, टाके पुन्हा उसवतील. पंचाण्णवच्या खाली आणा, मग ऑपरेशन. पहिल्या दिवशी तिचं वजन भरलं एकशे चौदा.

सोबत नवरा असायचा, भाऊसाहेब. वाईट माणूस नव्हता. दर पंधरा दिवसांनी गुरुवारी सकाळी तिला एसटीनं घेऊन यायचा, स्टँडपासून रिक्षा करायचा. पण तोंडाचा फाटका. आणि आमचा काटा होता बाहेर, पेशंट बसायच्या बाकांच्या समोर. मी आकडा बोलून दाखवायचे, कार्डावर लिहायचे, आणि तो सगळ्या बाकांना ऐकू जायचा. तशीच पद्धत होती. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, मलाही नाही.

"किती भरली?" भाऊसाहेब बाकावरूनच विचारायचा. "क्विंटलच्या खाली आली का नाय अजून?" बाकावरची माणसं हसायची. मंदाताई समोरच्या भिंतीकडे बघत उभी राहायची. ती दांडीकडे कधीच बघत नसे. मी आकडा बोलले की खाली उतरायची.

पहिले पाच महिने तिचं सगळं नीट चाललं. ती म्हणायची, मी खातेच काय? नीता मॅडमनी पुष्कळ विचारलं. शेवटी मी काट्याजवळ विचारलं, दिवसभर काय करतेस. म्हणाली, "शेडमदी बसते ना द्राक्षं निवडायला. घड साफ करायचे, खराब मणी काढायचे."

"काढलेले मणी कुठं टाकतेस?"

ती हसली. "टाकते कुठं मावशी. तोंडात."

दिवसभर मणी. गुरुवारी मी सांगितलं तेव्हा वाघ सरांनी कपाळाला हात लावला. मग मणी टाकायला बादली आली. वाघ सरांनी वाकायला न लागणारे, ओट्याला धरून करायचे व्यायाम दिले. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. एकशे चौदाची एकशे चार झाली. टेबलाशी सगळे खूश होते. तिची फाइल निघाली की नीता मॅडम म्हणायच्या, "ही आपली हुशार मुलगी."

सहाव्या महिन्यात ती काट्यावर चढली आणि दांडी एकशे सहावर थांबली. मी धाकटं वजन मागे घेऊन पुन्हा सरकवलं. एकशे सहाच.

भाऊसाहेब बाकावरून उठून जवळ आला. "काय झालं? वाढलं का? मागल्या खेपेलाच मी बोललो व्हतो हिला. वाढलं तर नाशिक बंद. बाग तोडणीला आलीय, घरचं माणूस मोडून मी हिच्यामागं बस धरतो, आन ही तिकडं खात बसती."

मंदाताई भिंतीकडे बघत होती. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी धाकटं वजन झटक्यात शून्यावर ढकललं आणि मोठ्यानं म्हटलं, "वाढलं नाही हो भाऊसाहेब. एकशे चारच आहे, मागच्याइतकं." आणि कार्डावर एकशे चार लिहिलं.

दोन किलो. मी मनाशी म्हटलं, सणवार झाले असतील, काही खाल्लं असेल, पंधरा दिवसांत उतरेल. मग आकडा आपोआप जुळेल. आत डॉक्टरसुद्धा वजन वाढलं की बोलायचे. मोठमोठे लोक त्यांच्या खोलीतून डोळे पुसत बाहेर येताना मी पाहिले होते. हिला एकदा वाचवली, असं मला वाटलं. त्या दिवशी मी समाधानानं जेवले, हेही सांगते.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा चढली. एकशे साडेआठ. भाऊसाहेब समोर उभाच होता. आता खरं लिहावं तर पंधरा दिवसांत साडेचार किलो वाढ दिसणार आणि मागचं खोटं उघडं पडणार. मी म्हटलं, "एकशे तीन. एक उतरलं बघ." तोच आकडा लिहिला. मंदाताईनं पहिल्यांदा मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. भाऊसाहेब म्हणाला, "हां. आता कसं."

दुपारी बैठक होती. तिची फाइल निघाली. वाघ सर म्हणाले, "मला आज त्यांचं बरोबर वाटलं नाही. पाय सुजलेत. बोटानं दाबलं की खड्डा राहतो. जिना चढून आल्यावर पाच मिनिटं त्यांना बोलता आलं नाही. अंगात पाणी साठतंय का?"

डॉक्टरांनी कार्ड उचललं. "मीही पाय पाहिले. पण पाणी साठलं असतं तर वजन वाढलं असतं ना. हे बघा, एकशे चार, एकशे चार, एकशे तीन. उतरतंय. बीपीच्या त्या गोळीनं कधी कधी पाय सुजतात. गोळी बदलू."

"दमाचं काय?"

"वजन अजून शंभराच्या वर आहे सर. जिना चढल्यावर दम लागणारच."

नीता मॅडम म्हणाल्या, "छान चाललंय तिचं. आता दमवू नका तिला."

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "इंदूबाई, तुमचं काय? घरचं काही?"

पाणी साठलं असतं तर वजन वाढलं असतं. एवढं वाक्य कळायला चौथीच्या पुढं शिकावं लागत नाही. मला ते कळलं. माझ्यापुढे चहाचा कप होता. मी म्हटलं, "नाही. विशेष काही नाही."

पुढची फाइल निघाली.

मी गप्प का बसले, हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. नोकरी जाईल ही भीती होती, पण तेवढीच नव्हती. खरं बोलले असते तर त्या टेबलाशी मला पुन्हा कुणी काही विचारलं नसतं. मला ती खुर्ची सोडवत नव्हती. मंदाताईची दया येऊन मी खोटं लिहिलं, असं एक वेळ म्हणता येईल. गप्प बसले ती मात्र तिच्यासाठी नव्हे.

पुढचे चौदा दिवस मी रोज ठरवायचे, आज सांगू. रोज डॉक्टरांच्या दारात गर्दी असायची. गर्दी नसली की मी जिने धुवायला घ्यायचे, ते काम माझं राहिलं नव्हतं तरी. तिच्या कार्डावर गावातल्या किराणा दुकानाचा फोन नंबर होता. मी तो दोनदा वाचला. लावला नाही.

पुढच्या खेपेच्या गुरुवारी सकाळी भाऊसाहेब धावत वर आला. "मावशी, ही जिन्यात बसलीय. उठंना."

ती जिन्याच्या वळणावर भिंतीला टेकून बसली होती. ओठ जांभळे पडले होते. पायांत चपला नव्हत्या, पाय त्यांत मावतच नव्हते. मी शेजारी बसले. "कधीपासून होतंय असं?"

"आठ-धा दिस." एकेक शब्द तोडून बोलत होती. "आडवं पडता येत नाय. बसून झोपते."

"घरी बोलली नाहीस?"

"काटा उतरतोय ना मावशी. मॅडम म्हनल्या, छान चाललंय. म्हटलं, उतरताना असाच तरास व्हत आसंल. सोसू."

मी उठले. कार्ड घेतलं आणि डॉक्टरांच्या खोलीत गेले. आत एक पेशंट होता, त्याला बाहेर काढलं. डॉक्टरांना म्हटलं, "मंदाताई जिन्यात बसली आहे, तिला श्वास घेता येत नाही. आणि हे शेवटचे दोन आकडे खोटे आहेत. मी खोटे लिहिले. खरे एकशे सहा आणि एकशे साडेआठ."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. एकच क्षण. मग ते स्टेथोस्कोप घेऊन जिन्याकडे पळाले. त्यांना पळताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तिचं हृदय थकलं होतं. ते रक्त पुरतं ढकलू शकत नव्हतं, म्हणून पाणी आधी पायांत, मग पोटात, मग फुप्फुसात साठलं. चरबी हळूहळू चढते, पाणी भराभर चढतं. महिन्याभरात साडेचार किलो ही चरबी नसते. हे सगळं मला नंतर समजावून सांगितलं. मोठ्या हॉस्पिटलात तिला अतिदक्षता विभागात ठेवलं. औषधं देऊन अंगातलं पाणी काढलं, दहा किलोच्या वर निघालं.

त्या दुपारी बैठक झाली. मी चहा ठेवला आणि दाराशी उभी राहिले. वाघ सर उभेच होते.

"मी विचारत होतो!" ते माझ्यावर ओरडले. "इथं, या टेबलाशी, मोठ्यानं विचारत होतो. तुम्ही समोर बसून ऐकत होतात!"

"हो."

"हो काय, हो? त्या बाई गेल्या असत्या!"

"सर, आत्ता नको," डॉक्टर म्हणाले. मग मला विचारलं, "का केलंत?"

"वजन वाढलं की ती बोलणी खाते म्हणून."

"कुणाची?"

"नवऱ्याची." मग म्हटलं, आता लपवून काय उपयोग. "आणि तुमचीही. तुमच्या खोलीतून माणसं रडत बाहेर येतात."

नीता मॅडम कार्डाकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "'हुशार मुलगी' म्हणून म्हणून मीपण तिचं तोंड बंद केलं." वाघ सर फाइल टेबलावर आपटून निघून गेले. त्यांचं बरोबर होतं. त्यांना दिसलं होतं, त्यांनी विचारलं होतं, आणि टेबलावर सगळ्यांसमोर ठेवलेल्या एका खोट्या आकड्यानं त्यांना चूक ठरवलं होतं. एकट्या डॉक्टरला फसवलं असतं तर एकजण फसला असता. तिघं एकमेकांवर भरवसा ठेवून बसले होते, म्हणून तिघंही फसले.

मला काढतील असं वाटलं होतं, काढलं नाही. काटा आतल्या खोलीत नेला. नातेवाईक बाहेर, दार बंद. आकडा बोलून दाखवणं बंद झालं. किती दिवसांत किती किलो वाढलं तर त्याच क्षणी डॉक्टरांना सांगायचं, हे मला वहीत लिहून दिलं. डॉक्टरांचं रागावणं कमी झालं, पण अजिबात थांबलं नाही, माणसाचा स्वभाव असतो. वाघ सर तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत. यातलं बरंचसं आधीच व्हायला हवं होतं. पण त्याचा आडोसा मी घेणार नाही. जे दिसतं ते लिहायचं, एवढं मला माहीत होतं.

अकरा दिवस मंदाताई हॉस्पिटलात होती. दहाव्या दिवशी मी गेले. उशांना टेकून बसली होती, चेहरा उतरलेला, पाय पुन्हा पायांसारखे दिसत होते. भाऊसाहेब बाहेर चहाला गेला होता.

"या मावशी," ती म्हणाली. "बसा. हितं रोज वजन करत्यात. पन तुमच्यावानी नाय. ढकलून उभं करत्यात."

मी बसले नाही. म्हटलं, "मंदे, मी तुझं वजन खोटं लिहिलं. शेवटच्या दोन खेपा. वाढलं होतं. मी कमी लिहिलं."

तिला आधी समजलंच नाही. मग म्हणाली, "किती?"

"आधी दोन किलो. मग साडेपाच."

ती चादरीच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी मी उतरतच नव्हते."

"नाही."

"मी सासूला सांगितलं. शेजारी सांगितलं. एकशे तीन म्हनून. पोलकी घट्ट व्हायला लागली, तर म्हटलं धुण्यानं आटली." ती हसल्यासारखं करून थांबली. "का केलं वो?"

"भाऊसाहेब बोलतो तुला. सगळ्यांपुढं."

"ते बोलत्यात. वीस वर्सं ऐकतेय मी. ह्या कानानं ऐकते, त्या कानानं सोडते. त्यांच्या बोलण्याला मी भीत नाय मावशी." तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. "भ्यालात तुम्हीच."

मी तशीच निघाले.

तिचं ऑपरेशन झालं नाही. सर्जननं सांगितलं, या हृदयावर भूल देता येणार नाही, आता कायमचा पोटाला पट्टा बांधायचा. मी डॉक्टरांना विचारलं, महिनाभर आधी कळलं असतं तर झालं असतं का. ते म्हणाले, हृदय आधीपासूनच थकलं असणार, सांगता येत नाही. ते खरं बोलले की मला बरं वाटावं म्हणून बोलले, हे मी विचारलं नाही.

मंदाताई दवाखान्यात येत राहिली, सात-आठ वर्षं. कधी भाऊसाहेब सोबत असायचा, पुढे पुढे एकटीच यायची. वजन खरोखर उतरलं तिचं, अंगावरून कळायचं. माझ्याशी बोलणं तिनं टाकलं नाही. बाग कशी आली ते सांगायची, घरचे बेदाणे आणायची, लेकीच्या लग्नाची पत्रिका आधी माझ्या हातात दिली. पण वजनाची वेळ झाली की आतल्या खोलीच्या दारात उभी राहून हाक मारायची, "नीता मॅडम, या जरा."

मॅडम हातातलं काम टाकून यायच्या. मी बाहेर जायचे. दार लागायचं. आतलं वजन सरकवल्याचा आवाज बाहेर ऐकू यायचा, मग कार्डावर लिहायला लागेल तेवढा वेळ शांत. आकडा किती भरला हे मी तिला कधी विचारलं नाही, आणि बाहेर आल्यावर ती पाटल्या हातात घालत इकडचं तिकडचं पुष्कळ बोलायची, पण तो तिनं मला कधी सांगितला नाही.